आठवं अक्षर

पनवेल या शब्दात अक्षरं किती, यावरून आमच्या हायकूच्या गटात चार दिवस वाद चालला होता. मी म्हणत होतो चार. प, न, वे, ल. गटातल्या एका डॉक्टरांचं म्हणणं, दोन. कारण तोंडाने सगळे 'पन्-वेल्' असंच म्हणतात. "हायकू कानाने मोजायचा असतो," असं त्यांनी लिहिलं. "मग ऐकू कमी येणाऱ्यांनी काय करायचं?" असं मी लिहिलं. शेवटी मतदान झालं. अकरा विरुद्ध सहा. चार अक्षरं मंजूर झाली आणि त्यासोबत माझा एक नियमही मंजूर झाला: जे लिहिलंय ते मोजायचं, बोललेलं नाही.

हा नियम आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तो माझ्याच अंगाशी आला.

मी कवी नाही. पनवेलजवळच्या एका गोदामात आलेले नग आणि गेलेले नग यांची नोंद ठेवतो. सव्वीस वर्षं हेच केल्यामुळे समोर काहीही आलं की मी मोजतो. जिन्याच्या पायऱ्या, लग्नाच्या पंगतीतली पानं, दुसऱ्याच्या गॅलरीत वाळणारे मोजे. हायकू लिहायची माझी पत्नी. गट तिचा. मी फक्त एकदा सकाळी चहा पिताना तिच्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावलो. तिने लिहिलं होतं:

खिडकी उघडी
आलं एकच पान
कढीपत्त्याला

"पहिली ओळ सहा आहे," मी म्हटलं.

"काय सहा?"

"अक्षरं. तूच सांगितलं होतंस ना, पाच, सात, पाच. खि, ड, की, उ, घ, डी. सहा. खुली कर. खिडकी खुली. पाच."

"अहो, उघडी आणि खुली यांत फरक आहे."

"आहे ना. एका अक्षराचा."

तिने माझ्याकडे बघितलं, मग 'खुली' केलं आणि खाली लिहिलं, 'यजमानांनी चूक काढली.' गट एक निवृत्त मुख्याध्यापिका चालवतात. त्यांना सगळे बाईच म्हणतात. त्यांचा अर्ध्या तासात फोन आला. गटात बावीस जण, सगळ्यांचं मन हळवं आणि मोजणी कच्ची. कुणी जोडाक्षर दोन धरतं, कुणी अनुस्वाराचं वेगळं अक्षर लावतं. "तुम्ही या," बाई म्हणाल्या, "आम्हाला एक कोरडा माणूस पाहिजेच होता." असा मी तेविसावा झालो आणि मला मोजणीदार हे पद मिळालं. मी शंभर पानी वही आणली, रकाने आखले: तारीख, कवी, पहिली ओळ, दुसरी, तिसरी, शेरा.

पद मिळाल्यावर आपणही लिहावं असं वाटू लागलं. आमच्या इमारतीची लिफ्ट नऊ दिवस बंद होती तेव्हा मी लिहिलं:

लिफ्ट बंदच
चौथ्या जिन्यावरती
दूध नि दम

इतरांच्या हायकूखाली 'वा', 'अंगावर काटा आला', 'हे कसं सुचतं हो' असं यायचं. माझ्या हायकूखाली सात जणांनी लिहिलं, 'मोजणी चोख.' मला त्यात काही खटकलं नाही. पत्नी मात्र पदर तोंडाला लावून आत गेली.

वर्षभराने बाईंनी गटात गव्हाणच्या एका मावशींना आणलं. वय सत्तरीच्या आसपास. सासर-माहेर दोन्ही गव्हाणचंच. वडील मिठागरात राबायचे. आता मिठागर राहिलं नाही, भावांची तीन मजली घरं झाली. मावशींची सून बाईंची विद्यार्थिनी. मावशी बसल्या बसल्या काहीबाही छान बोलतात, हे तिनेच बाईंना सांगितलं होतं. मोबाइलवरची बारीक अक्षरं मावशींना दिसत नव्हती, म्हणून त्या बोलून पाठवायच्या. त्यांच्या निरोपात मागे कोंबडा असायचा, डंपर असायचा, आणि मधोमध तीन ओळी. बाई मला म्हणाल्या, "त्यांचं ऐकून तुम्हीच लिहून टाकत जा."

मी लिहून टाकू लागलो. मावशींनी पहिल्यांदा पाठवलं ते असं:

"तिवरामंदी... बगला उबा हाय... पानी गेलंय. झाला. पोचला का, भाऊ?"

मी गटात टाकलं:

तिवरामध्ये
बगळा उभा आहे
पाणी गेलंय

पाच, सात, पाच. शेरा: बरोबर. गटात वाहवा झाली. खाडीचं पाणी ओसरल्यावर तिवरांच्या मुळांत एकटा उभा राहिलेला बगळा सगळ्यांना दिसला. मावशींनी अंगठा पाठवला. वर्षभरात त्यांचे अकरा हायकू आले. मी अकरा लिहिले, अकराही बरोबर निघाले. गटात इतका स्वच्छ हिशेब दुसऱ्या कुणाचा नव्हता. मी तसं जाहीरपणे म्हटलंही. त्यावर मावशींचा निरोप आला, "भाऊ, मी वाल सोलताना मोजते. एक सबूद जास्त झाला त वाल परत टोपान."

मग बाईंनी ठरवलं की गटाची पुस्तिका काढायची. प्रत्येकाचा एक हायकू, एका पानावर एक. नेऱ्याला एका सभासदाचं शेतघर आहे, तिथे रविवारी सकाळी सगळ्यांनी जमायचं, पुस्तिका वाटायची आणि ज्याने त्याने आपला हायकू वाचायचा. मोजणी चुकलेली एकही ओळ छापली जाणार नाही, अशी अट. अट बाईंची. अंमलबजावणी माझी.

मावशींचा निरोप आला. या वेळी कोंबडा नव्हता, डंपर नव्हता. बहुतेक दार लावून बोलल्या असाव्यात.

"भाऊ, ह्यो पुस्तकासाठी. दोरीवरती... पैल्या उनान मीठ... बाचा सदरा. नीट लिवा हां."

मी नीट लिहिलं:

दोरीवरती
पहिल्या उन्हात मीठ
बाचा सदरा

चांगला होता. मला कविता कळत नाही, पण बापाचा सदरा दोरीवर वाळतोय आणि घामाचं, खाऱ्या पाण्याचं मीठ त्यावर पांढरं फुटलंय, एवढं मलाही दिसलं. मग मी मोजलं. पहिली ओळ पाच. तिसरी पाच. मधली आठ.

पुन्हा मोजलं. आठ. पत्नीला मोजायला लावलं. तिनेही आठ म्हटलं आणि वर म्हणाली, "असू दे हो. एक अक्षर."

"आज एक सोडलं तर उद्या डॉक्टर दोन मागतील."

मी मावशींना बोलून कळवलं की मधल्या ओळीत एक अक्षर जास्त आहे, दुरुस्त करून पाठवावं. पाच मिनिटांत उत्तर आलं.

"नाय भाऊ. सातच हाय."

"आठ आहेत, मावशी."

"सात हाय. वाल लावून मोजलंय."

मी नम्रपणे सुचवलं की 'पहिल्या'ऐवजी 'नव्या' घालता येईल. नव्या उन्हात मीठ. सात.

"ऊन कवा नवा-जुना असतं का? ती काय साडी हाय?"

मी म्हटलं, मग 'आज' घाला. आज उन्हात मीठ. हेही सात.

"आज कुठला, भाऊ? बा जाऊन तीस वरसं झाली. आज सदरा वालत घालायला कोन येनार हाय?"

मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा आहे. मग मावशी बोलल्या ते रागाने नव्हे, एखाद्या पाहुण्याला जेवणाचा आग्रह करून थकल्यावर बोलतात तसं.

"नाय बसत त राहू द्या. दुसरा नाय देनार मी. पुस्तकात जायाचा त बा जानार, नायतर कोनी नाय."

त्यानंतर त्यांचे निरोप थांबले. पहिल्या दिवशी मी लक्ष दिलं नाही. चौथ्या दिवशी गटात बाईंनी विचारलं, 'मावशी शांत का?' आठव्या दिवशी मी वही काढली. चोवीस जणांपैकी तेवीस बरोबर, एक रिकामा. छापायला द्यायला दोन दिवस उरले होते. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मोजणीदार म्हणतील तसं." मुख्याध्यापिकेने तीस वर्षं सगळे निर्णय स्वतः घेतलेले, आणि नेमका हाच माझ्यावर टाकला.

"तुम्ही गव्हाणला जाऊन या," पत्नी म्हणाली.

"जाऊन काय करू? आठचे सात होणार आहेत का?"

"निदान तोंडावर नाही म्हणून या. मोबाइलवर काय नाही म्हणायचं?"

शनिवारी सकाळी मी स्कूटर काढली. वही पिशवीत घेतली. उरणच्या रस्त्याला डंपरमागून डंपर; मी बारा मोजले आणि मग धुळीने मोजणं सोडलं. गव्हाणला मावशींचं घर सापडायला वेळ लागला नाही. तीन मजले, संगमरवरी पायऱ्या सात, आणि त्या सगळ्या थाटात खाली ओटीवर मावशी चटईवर बसून भिजवलेले वाल सोलत होत्या. बाजूला टोप, समोर ताट. चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होतो, पण "आलात का, भाऊ?" ऐकल्यावर ओळख पटवायची गरज उरली नाही.

"बसा. चाय पिता ना? सात घोट देते, आठवा मागू नका."

सून आत हसली. मीही हसलो, जरा उशिरा.

चहा झाल्यावर मी वही उघडून ती ओळ दाखवली. मावशींनी वही लांब धरली, डोळे बारीक केले आणि परत दिली. "मना दिसत नाय. तुमी वाल लावा."

"म्हणजे?"

"वाल लावा, वाल."

त्यांनी ताट मध्ये सरकवलं. सोललेले वाल एका बाजूला केले. मग स्वतः बोलू लागल्या आणि प्रत्येक अक्षराला एक वाल ताटाच्या काठापासून ओळीने मांडू लागल्या. पै. ल्या. उ. ना. न. मी. ठ. सात वाल. ओले, पिवळसर, एका रेषेत.

"आता तुमी."

मी त्यांच्या ओळीखाली माझी ओळ लावायला घेतली. प. हि. ल्या. उ. न्हा. त. मी. ठ. आठ वाल. माझी ओळ त्यांच्या ओळीपेक्षा एका वालाने पुढे गेली होती.

"आठ," मी म्हटलं.

मावशी माझ्या ओळीवर वाकल्या. एकेका वालावर बोट ठेवत गेल्या. "ह्यो प?"

"प."

"ह्यो?"

"हि."

"ह्यो हि कुठून आला?"

"पहिल्यामधला. प, हि, ल्या."

"पन मी हि बोल्लेच नाय. मी पैल्या बोल्ले. पैल्या." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "आपल्याकडं पैल्यामदी हि असतो का गं?"

"नाय, आई."

"मंग ह्यो कोनाचा हाय?"

मी पिशवीतून मोबाइल काढून त्यांचा जुना निरोप लावला. पैल्या उनान मीठ. स्पष्ट. दहा दिवसांपूर्वीही स्पष्टच होतं. मी ते ऐकलं होतं, ऐकता ऐकता सवयीने त्यांच्या बोलीला इस्त्री केली होती, आणि मग माझ्याच इस्त्रीची घडी मोजून ती त्यांच्या नावावर जास्तीची म्हणून लावली होती. नियम माझा: जे लिहिलंय ते मोजायचं. लिहिणारा मीच आहे, हे त्यात कुठे नोंदलं नव्हतं.

"माझा आहे," मी म्हटलं.

मावशींनी तो वाल दोन बोटांत उचलला, टोपात टाकला आणि ओल्या हातानेच माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "झाला मंग. एवढ्यासाठी आठ दिवस तोंड फुगवला मी. बी.पी.ची गोली दोनदा घेतली."

मी विचारलं, 'पैल्या'वर एवढं अडून का बसलात? 'नव्या' घातलं असतं तर कधीच छापायला गेला असता.

"बाला सदरा एकच व्हता, भाऊ," त्या वाल सोलत म्हणाल्या. "संध्याकाली घरी आला का काढून दोरीवर. सकालच्या पैल्या उनान त्यावर मीठ दिसायचा. मी बोट फिरवून चाटायची, आय बोंबलायची. दुसऱ्या उनाला सदरा दोरीवर नसायचाच, बाच्या अंगावर. मंग पैल्या नाय त काय घालू?"

मी वहीत ती ओळ खोडली आणि त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकत अक्षर अक्षर लिहून घेतली. शेऱ्याच्या रकान्यात 'बरोबर' लिहिलं. खाली 'चूक: मोजणीदार' असंही लिहिलं, जागा होती. निघताना त्यांनी सोललेले वाल पिशवीत बांधून दिले. घरी येऊन मी ते मोजले नाहीत. पत्नीला हे सांगून पटलं नाही.

मला मात्र दुसरंच काही सतावत होतं. बाकीचे अकरा? वही काढून बसलो, जुने निरोप एकेक ऐकले. अकरापैकी नऊ हायकूंना मी इस्त्री केली होती. पानी चं पाणी, बगला चा बगळा, हाय चं आहे, मंदी चं मध्ये. पण न चा ण झाला तरी अक्षर एकच राहतं, ल चा ळ झाला तरी एकच. हाय दोन, आहे दोन. म्हणून वर्षभर हिशेब जुळत राहिला आणि चूक लपून राहिली. फक्त 'पैल्या'त त्यांच्या बोलीने आपला 'हि' गिळलेला, तो मी परत घातला, आणि तिथे पकडला गेलो. गोदामात असं होतं कधीकधी: दोन खोकी बदलली जातात, संख्या बरोबर, आणि कुणाला कळतही नाही की आत भलतंच आहे.

हे मी गटात जसंच्या तसं लिहिलं. डॉक्टरांनी लगेच लिहिलं, 'म्हणजे कानाने मोजायचं तर!' मी लिहिलं, 'लिहिलेलंच मोजायचं, पण जे ऐकलं तेच लिहायचं.' पुन्हा मतदान झालं. तेवीस विरुद्ध शून्य. मी मत दिलं नाही, कारण आरोपी मीच होतो. मावशींचे बाराही हायकू त्यांच्याच बोलीत पुन्हा लिहून गटात टाकायचं काम मला मिळालं. बगला उबा राहिला, पानी गेलं, आणि मला खरं सांगायचं तर तोच बगळा जास्त उभा वाटला.

"म्हणजे शब्दाशब्दांत फरक असतो तर," पत्नी भाजी चिरता चिरता म्हणाली.

"असतो."

"उघडी आणि खुलीत?"

मी म्हटलं, ती गोष्ट वेगळी, ओळ सहाची होती. तिने सुरी खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. पुस्तिकेत तिने कढीपत्त्याचा दिलाच नव्हता, दुसराच दिला होता. तो पाच-सात-पाच होता आणि नवऱ्यावर होता. त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

पुस्तिका छापून आल्यावर पुढच्या रविवारी नेऱ्याला गेलो. डोंगराच्या पायथ्याशी शेतघर, अंगणात आंब्याखाली खुर्च्या, एक माईक, पोहे. पुस्तिका हातात घेऊन मी आधी पानं मोजली: चोवीस. मावशींचं पान सतरावं, हायकूत अक्षरं असतात तेवढं. बाईंनी ते मुद्दाम केलं होतं का, हे विचारलं तर त्या म्हणाल्या, "मोजणी तुमच्याकडे."

एकेक जण वाचत होता. आमच्या गटात ऐकताना कुणी डोळे मिटत नाही. सगळ्यांचे अंगठे बोटांच्या पेरांवरून सरकत असतात. एका हाताची बारा पेरं संपली की दुसऱ्या हातावर पाच. माझा 'लिफ्ट बंदच' झाला, "मोजणी चोख!" असा एकमुखी पुकारा झाला आणि टाळ्या पडल्या. पत्नीने तिचा वाचला, जास्त टाळ्या पडल्या.

मग मावशी उठल्या. हिरवी नऊवारी, केसांत अबोली, हातात पुस्तिका उलटी; ती त्यांना लागतच नव्हती. माईक पाहून मात्र त्या जरा सावध झाल्या. समोर बाई, डॉक्टर, पनवेलची एवढी शिकलेली माणसं. त्यांनी घसा साफ केला, मान ताठ केली आणि शाळेतल्या बक्षीस समारंभात म्हणावं तशा सुरात म्हणाल्या:

"दोरीवरती. पहिल्या उन्हात मीठ. बाचा सदरा."

अंगणात तेवीस अंगठे एकदम थांबले. मी समोर बघितलं, पत्नीने माझ्याकडे बघितलं. मावशींना कळलं की काहीतरी झालंय. त्या माइकमागून माझ्याकडे बघू लागल्या, आणि त्यांचा चेहरा पडायच्या आत मला बोलणं भाग होतं. जन्मात एवढ्या लोकांसमोर मी कधी बोललो नव्हतो.

"मावशी," मी खुर्चीतूनच म्हटलं, "एक जास्त झालं."

क्षणभर त्यांनी ओठांतल्या ओठांत पुटपुटत मोजलं. मग त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की माईक किंचाळला.

"अगं बया! त्यो भाऊचा हि माज्या तोंडात रायला!"

सगळं अंगण हसलं. डॉक्टर तर उभे राहून हसले. मावशींनी पदराने डोळे पुसले, माईक बाजूला सारला आणि ओटीवर वाल सोलताना बोलल्या होत्या तसंच, खालच्या आवाजात म्हटलं.

"दोरीवरती... पैल्या उनान मीठ... बाचा सदरा."

या वेळी कुणी टाळ्या वाजवायला घाई केली नाही. मी अंगठा पेरांवर ठेवलाच होता. मधली ओळ सात भरली.